पांढऱ्या ठिपक्याचा पुनर्जन्म

१९७२ सालच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सनीव्हेल गावच्या अँडी कॅप्स या मद्यगृहात एक लाकडी पेटी आणून ठेवण्यात आली. पेटीत एक साधा कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होता, समोर फिरवावयाच्या दोन कळा होत्या आणि नाणे टाकावयास एक खाच होती. पडद्यावर दिसावयाचे ते एवढेच : मध्ये एक तुटक रेषा, दोन्ही कडांना दोन पांढऱ्या फळ्या आणि त्यांच्यामधून इकडून तिकडे जाणारा एक पांढरा ठिपका. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याची तक्रार आली. ते तयार करणारा तरुण अभियंता ॲलन अल्कॉर्न याने जाऊन पेटी उघडली, तेव्हा दोष यंत्रात नव्हताच. नाणी साठवण्याचे भांडे काठोकाठ भरून गेले होते आणि नवे नाणे आत जाण्यास वाट उरली नव्हती.

हा खेळ म्हणजे 'पाँग'. त्याची ही जन्मकथा अनेकांनी ऐकलेली असेल, आणि यशाच्या कथांत जी एक गोडी असते ती तिच्यातही आहे. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते पाँगच्या जन्माविषयी नव्हे, त्याच्या पुनर्जन्मांविषयी. आज कोणाच्याही खिशातील दूरध्वनीवर पाँग खेळता येतो. शाळकरी मुले आज्ञावली लिहावयास शिकताना पहिला धडा म्हणून तो लिहितात. तरीही, आपण आज जे खेळतो ते खरोखर पाँग आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. जुने कृष्णधवल खेळ आधुनिक संगणकावर पुन्हा उभे करण्याचा उद्योग गेली काही दशके चालू आहे. या उद्योगातील माणसांना प्रथम एका विचित्र अडचणीशी सामना करावा लागला, तो याच प्रश्नामुळे.

ती अडचण अशी की, पाँगला आज्ञावलीच नव्हती.

आज 'खेळ' म्हटले की आपल्या मनात संगणक आणि त्याला दिलेल्या आज्ञांची एक यादी उभी राहते. ही यादी म्हणजे एक प्रकारचा मजकूर. मजकुराची नक्कल करता येते, तो एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेता येतो. पाँगमध्ये असा मजकूर कोठेच नाही. त्यात साठ-सत्तर साध्या चिपा तारांनी एकमेकींस जोडलेल्या आहेत, आणि ती जोडणी हाच खेळ आहे. पडद्यावरच्या चित्राची आठवण ठेवणारी स्मृतीदेखील या यंत्रात नाही. मग ठिपका दिसतो कसा आणि सरकतो कसा?

दूरचित्रवाणीच्या काचेच्या नळीत विद्युत्कणांचा एक झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली अशा रेघा ओढीत अखंड फिरत असतो. अमेरिकेतील पद्धतीत सेकंदास साठ वेळा तो सारा पडदा विंचरून काढतो. पाँगच्या यंत्रात सेकंदास सुमारे ७१ लाख ५९ हजार ठोके देणारे एक घड्याळ आहे. ते ठोके मोजणाऱ्या चिपा या क्षणी झोत पडद्यावर कोठे आहे ते दर्शवितात. चेंडूसाठी अशाच मोजणीची दुसरी जोडी आहे, आणि ती पहिलीशी तंतोतंत जुळणार नाही, किंचित मागे वा पुढे पडत राहील, अशी मुद्दाम योजना आहे. भिंतीवर दोन घड्याळे शेजारी लावली आणि त्यांतील एक रोज मिनिटभर पुढे जात असले, तर त्याचे बारा वाजणे रोज थोडेथोडे सरकत जाते. ठिपका सरकतो तो याच रीतीने. म्हणजे चेंडू म्हणून कोठे काही साठवलेले नसते. दोन मोजण्यांमधील अंतरालाच आपण चेंडू म्हणतो. मला ही कल्पना आजही मोठी विलक्षण वाटते. पुढे संगणक कितीतरी शहाणे झाले, पण इतक्या थोड्या साधनांत इतके काही करून दाखविण्याचे हे कसब त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यांना अंगी बाणवावे लागले नाही.

फळीचेही तसेच. रेडिओचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी जशी कळ असते तशीच कळ खेळाडूच्या हाती दिलेली असते. ती फिरवली की कंडेन्सर भरण्यास लागणारा वेळ बदलतो, आणि तो वेळ संपला की पडद्यावर त्या जागी फळी सुरू होते. या व्यवस्थेत एक उणीव राहिली : फळी पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नाही. अल्कॉर्नला ती दिसली होती. तथापि ती दूर केली तर दोन तरबेज खेळाडू तासन्‌तास खेळत राहतील आणि नाणी पडणार नाहीत, हेही त्याला दिसले. म्हणून त्याने ती राहू दिली. फळीचे त्याने आठ भाग कल्पिले होते. मधल्या भागावर चेंडू आदळला तर तो सरळ परततो, कडेच्या भागावर आदळला तर तिरपा जातो. प्रकाशकिरण आरशावरून परततो त्या नियमाशी याचा काही संबंध नाही. टोले वाढत गेले की चेंडूचा वेगही वाढतो. मालकाला, म्हणजे ॲटारी कंपनीच्या नोलन बुशनेलला, गुण मिळताच प्रेक्षकांचा जल्लोष ऐकू यावा असे वाटत होते. तेवढ्या चिपा शिल्लक नव्हत्या. म्हणून अल्कॉर्नने पडद्याच्या मोजणीत आधीच जे स्वर निर्माण होत होते त्यांतलेच निवडून ध्वनिवर्धकाकडे वळविले. पाँगचा तो प्रसिद्ध 'टक्‌' आवाज असा आला.

आता हा खेळ नुसता पाहून, त्याचे वर्णन ऐकून, नवी आज्ञावली लिहावयास बसलेला मनुष्य काय करतो ते पाहा. तो फळी वरपर्यंत नेतो. कारण ती वरपर्यंत का जाऊ नये याचे त्याला काही कारण दिसत नाही. तो चेंडूला शाळेत शिकलेल्या भूमितीच्या नियमाने परतवितो. तो आवाज दुसरीकडून आणतो. जे तयार होते ते दिसावयास पाँगसारखेच असते आणि खेळावयास पाँग नसते. जुन्या पोथीची नक्कल करणारा लेखनिक मूळ लेखकाला ठाऊक नसलेले 'शुद्ध' रूप जसे आपल्या पदरचे घालतो, तसाच हा प्रकार. पोथ्यांच्या बाबतीत अशा सुधारणांनी केवढा गोंधळ घातला हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

या नकलांना मी सरसकट हिणवीत नाही. अशी एक गाजलेली नक्कल एका अशा माणसाने केली की ज्याने मूळ यंत्राचेही काम केले होते. १९७६ साली ॲटारीने 'ब्रेकआउट' हा खेळ काढला. त्यात भिंतीच्या विटा चेंडूने एकेक करून पाडावयाच्या असतात. त्याची चिपांची रचना करण्याचे काम स्टीव्ह जॉब्ज या नोकराकडे होते. त्याने ते आपला मित्र स्टीव्ह वॉझ्निअॅक याच्याकडून चार दिवस-रात्रींत करून घेतले. वॉझ्निअॅकने इतक्या थोड्या चिपांत ते बसविले की कारखान्याला ती रचना जशीच्या तशी वापरता येईना. ॲटारीने ती पुन्हा नव्याने केली. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ॲपल २ हा संगणक आला. त्यात रंग, फिरत्या कळा आणि आवाज यांची जी सोय होती ती बेसिक भाषेत ब्रेकआउट लिहिता यावा या हेतूनेच आपण केली, असे वॉझ्निअॅकने नंतर अनेकदा सांगितले आहे. तारांच्या जोडणीत एक बदल करावयास जेथे दिवस लागत, तेथे आज्ञावलीत तो क्षणात होतो, याचा साक्षात्कार त्याला या नकलेने झाला. तेव्हा जुना खेळ नव्या यंत्रावर उभा करण्याचा उद्योग हा अलीकडचा हौशी छंद नव्हे. घरगुती संगणकाच्या जन्मातच त्याचा वाटा आहे.

या साऱ्या इतिहासाचे दोन भाग पाडणारे साल १९७५ हे होय. जपानमध्ये टाइटो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो याने त्या वर्षी 'वेस्टर्न गन' हा दोन घोडेस्वारी टोपीवाल्यांच्या द्वंद्वाचा खेळ केला. तो पाँगप्रमाणेच तारांत जोडलेल्या चिपांचा होता. अमेरिकेतील मिडवे कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि तोच खेळ 'गन फाइट' या नावाने इंटेलचा ८०८० हा मायक्रोप्रोसेसर घालून नव्याने बनविला. एकाच वर्षी एकाच खेळाला दोन देह मिळाले : एक तारांचा, एक आज्ञांचा. निशिकादोने अमेरिकन रूप पाहिले. खेळ म्हणून त्याला स्वतःचाच अधिक आवडला. पण त्यातील आकृत्यांची सफाईदार हालचाल पाहून मायक्रोप्रोसेसर शिकलाच पाहिजे असे त्याने ठरविले. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, त्यातून 'स्पेस इन्व्हेडर्स' निघाला.

येथून पुढचे खेळ जतन करणे एका अर्थी सोपे झाले. आज्ञा एका चिपेत कोरलेल्या असतात. ती चिप वाचून त्यांची नक्कल करून ठेवता येते. मग आधुनिक संगणकावर एक अशी आज्ञावली लिहावयाची की जी स्वतः ८०८० असल्याचे सोंग घेईल. तिच्यापुढे जुन्या आज्ञा ठेवल्या की त्या, आपण १९७८ च्याच यंत्रात आहोत अशा समजुतीने, चालू लागतात. या सोंग घेणाऱ्या आज्ञावलीला एम्युलेटर म्हणतात. इटलीच्या निकोला साल्मोरिया याने १९९७ च्या फेब्रुवारीत 'मेम' नावाचा असा एक एम्युलेटर प्रसिद्ध केला. पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यात हजारो यंत्रांची भर घातली. यंत्रांच्या अंतर्गत रचनेची नोंद ठेवणे हाच आपला उद्देश, खेळ खेळता येतो हा केवळ आनुषंगिक लाभ, अशी त्या मंडळींची भूमिका आहे. खेळणाऱ्यांना ती पटो न पटो, इतिहासाच्या अभ्यासकाला ती पटावयास हवी. मूळ कंपन्यांच्या स्वामित्वहक्काचा प्रश्न या उद्योगाच्या मागे सतत आहे. त्याच्या खोलात आज शिरत नाही.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये परग्रहावरील ५५ आक्रमक पाच ओळींत उभे असतात. ते डावीकडून उजवीकडे चालत, थोडेथोडे खाली उतरत येतात. खेळाडूने त्यांना मारावयास प्रारंभ केला की उरलेले अधिकाधिक वेगाने चालू लागतात. छाती धडधडावयास लावणारी त्या खेळाची करामत ती हीच. या वेगासाठी वेगळी आज्ञाच लिहिलेली नाही. दर साठांश सेकंदास एकाच आक्रमकाची जागा बदलावयाची, एवढाच मूळ यंत्राचा क्रम. पंचावन्न असले तर एक फेरी पुरी व्हावयास जवळजवळ एक सेकंद लागतो. दहा उरले तर सेकंदाचा सहावा हिस्सा. निशिकादोला ही गोष्ट काम करता करता आढळली आणि अल्कॉर्नप्रमाणेच त्यानेही ती राहू दिली. एम्युलेटरमध्ये हे आपोआप उतरते, कारण मूळ आज्ञाच तेथे चालत असतात. नव्याने आज्ञावली लिहिणारा मात्र सारी फौज एकदम हलवितो आणि मारलेल्यांच्या संख्येप्रमाणे वेग वाढविण्याचा एक कोष्टकी नियम घालतो. वेग वाढतो, पण वाऱ्याने शेतातील पीक हलावे तशी रांगांमधून जी एक लहर जात असे ती नाहीशी होते.

तथापि एम्युलेटरचाही हात एका ठिकाणी अडकला. स्पेस इन्व्हेडर्सच्या आज्ञा कोरलेल्या होत्या हे खरे, पण आवाज कोरलेला नव्हता. आक्रमकांच्या चालीबरोबर वाजणारे ते चार खर्जातले ठोके, गोळीचा आवाज, स्फोट, हे सारे पाँगच्याच जुन्या रीतीने रोधक आणि कंडेन्सर यांच्या जुळणीतून निघत. आज्ञावली फक्त 'आता वाजव' एवढेच सांगे. म्हणून कित्येक वर्षे एम्युलेटरवाल्यांनी खऱ्या यंत्राजवळ ध्वनिमुद्रक नेऊन त्याचे आवाज टिपून घेतले आणि तेच वाजविले. जेथे मजकूर नाही तेथे मजकुराची नक्कल चालत नाही, हा पाँगचाच प्रश्न येथे दुसऱ्या दाराने आत आला.

त्यावर शेवटी जो उपाय निघाला तो मेहनतीचा आहे. सर्किटचा मूळ नकाशा घ्यावयाचा, त्यातील प्रत्येक चिप, प्रत्येक रोधक आणि प्रत्येक कंडेन्सर यांचे गणित मांडावयाचे, आणि वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत कशी जाते त्याचा हिशेब संगणकाकडून क्षणोक्षणी करून घ्यावयाचा. 'डाइस' नावाच्या एका प्रतिरूपकाने केवळ अशा मायक्रोप्रोसेसररहित खेळांसाठीच हे काम केले. मेममध्येही नंतर तशी सोय आली आणि पाँग त्या मार्गाने तेथे दाखल झाला. यातली गंमत अशी की, दूरध्वनीसाठी लिहिलेला नकली पाँग चालवावयास अत्यल्प शक्ती पुरते. पण त्या साठ-सत्तर स्वस्त चिपांचे खरे प्रतिरूपण करावयाचे म्हटले की चांगल्या वेगवान संगणकालाही दम लागतो. सेकंदास एकाहत्तर लाख ठोके, आणि प्रत्येक ठोक्यास शेकडो जोडण्यांत काय बदलले याची नोंद! तारांत हे सारे एकाच वेळी घडत असे. संगणकाला ते एकामागून एक करावे लागते. एफपीजीए नावाची, आपली अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येणारी एक चिप मिळते. तिच्यात जुन्या यंत्राची जोडणी पुन्हा घालण्याचा मार्ग काहींनी पत्करला आहे, तो याचसाठी.

आणि एवढे करूनही प्रश्न उरतो तो कंडेन्सरचा. नकाशावर त्याचे एक मूल्य छापलेले असते. कारखान्यातून आलेला प्रत्येक नग त्याहून थोडा कमी वा अधिक असे, आणि पन्नास वर्षांत तो आणखी बदललेला असतो. त्यामुळे पाँगची दोन मूळ यंत्रेसुद्धा एकमेकांसारखी नसतात. एकीत फळी जरा वर पोचते, दुसरीत जरा खाली अडते. मग प्रतिरूपण कोणाचे करावयाचे? नकाशाचे, की आज संग्रहालयात उभे असलेल्या यंत्राचे? माझे मत नकाशाच्या बाजूने आहे, कारण तो १९७२ चा साक्षीदार आहे. परंतु संग्रहालयातले यंत्र मोजून त्याप्रमाणे अंक बसविणारे लोकही आहेत आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. यंत्रे मात्र वाट पाहत थांबणार नाहीत. काही खेळांच्या आज्ञा ज्या प्रकारच्या चिपांत साठविलेल्या होत्या त्यांतील विद्युत्भार वर्षानुवर्षे हळूहळू झिरपत जातो आणि एक दिवस अक्षरे पुसावीत तशा आज्ञा पुसल्या जातात. काचेच्या नळ्या बनविणे मोठ्या कारखान्यांनी केव्हाच सोडून दिले आहे.

नळी गेली की काय जाते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते १९७९ च्या 'ॲस्टरॉइड्स'मध्ये. या ॲटारीच्या खेळाची नळी पडदा विंचरीत नाही. तिचा झोत चित्रकाराच्या कुंचल्यासारखा थेट रेषा काढत जातो. त्यामुळे रेषा अत्यंत बारीक आणि निखळ येतात. गोळीचा ठिपका काढताना झोत एकाच जागी थबकतो, तेथील लेप अधिक तेजाने उजळतो, आणि काळ्याभोर अंधारात ती गोळी ठिणगीसारखी दिसते. आजच्या सपाट पडद्यावर तीच गोळी इतर रेषांइतकीच पांढरी असते. लेपाचे तेज आणि त्याचे हळूहळू मावळणे यांचेही गणित मांडून ते पडद्यावर रंगविण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण पडद्याची कमाल उजळण्याची जी मर्यादा आहे तिच्यापलीकडे गणित जाऊ शकत नाही. शिवाय कळ दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत आजच्या पडद्यांत जो सूक्ष्म विलंब होतो तो जुन्या नळीत नव्हता. पाँगमध्ये तर कळ आणि झोत यांच्यामध्ये थांबावयास जागाच नव्हती.

या कामी मला एक जुने उदाहरण फार उपयोगी वाटते. ब्रुकहेवन येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९५८ च्या ऑक्टोबरात विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, पाहुण्यांचे मनोरंजन व्हावे म्हणून, एका अनुरूप संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून टेनिसचा खेळ केला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा दाखविला आणि मग सुटे भाग दुसऱ्या कामासाठी काढून घेतले. नकाशे राहिले. १९९७ मध्ये प्रयोगशाळेच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने तेथील मंडळींनी त्या नकाशांवरून तो पुन्हा उभा केला. संगणकावर चित्र काढून दाखविणे त्यांना सहज शक्य होते; त्यांनी जुन्या तऱ्हेचे भाग शोधून काढले आणि सर्किटच पुन्हा जोडले.

प्रत्येक खेळाच्या नशिबी अशी प्रयोगशाळा नसते, आणि कित्येकदा तर खेळाचा एखादा भाग सर्किटमध्येही नसतो. ब्रेकआउटच्या विटा रंगीत दिसत, त्या पडद्यावर चिकटविलेल्या रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. स्पेस इन्व्हेडर्सच्या मिडवेने बनविलेल्या उभ्या पेटीत नळी खाली आडवी ठेवलेली असे. तिचे चित्र आरशावरून परतून चंद्रभूमीच्या एका रंगविलेल्या देखाव्यावर तरंगताना दिसे. १९७६ च्या 'नाइट ड्रायव्हर' या मोटार हाकण्याच्या खेळात रात्रीचा रस्ता, दोन्ही बाजूंना धावत येणारे पांढरे खांब, एवढे सारे यंत्र काढी. पण खेळाडूची मोटार मात्र ते काढीत नसे. ती प्लॅस्टिकवर छापलेली असून पडद्याच्या खालच्या भागात बसविलेली असे. आज्ञा कितीही काळजीपूर्वक वाचल्या तरी त्यांत ती मोटार सापडणार नाही. ज्यांनी हा खेळ आधुनिक पडद्यावर आणला त्यांना एखादी शाबूत पेटी गाठून त्या प्लॅस्टिकच्या तुकड्याचे छायाचित्र घ्यावे लागते, आणि ते नेमके किती उंचीवर बसत होते हे फूटपट्टीने मोजून घ्यावे लागते.